प्रतिज्ञापत्र

मी, बिसन गोंडाणे, वय एकाहत्तर,
रेल्वेचा पेन्शनर, राहणार इंदोरा, नागपूर,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
एस. बॅनर्जी आणि शालिक पुंडलिक रंगारी
ही एकच व्यक्ती आहे.

टायपिस्ट म्हणतो, बस, एवढं पुरे.
कोर्टासमोर कडुनिंबाखाली त्याचं टेबल,
टेबलाच्या एका पायाखाली वीट.
"बाकीचं नका सांगू काका, साहेब वाचत नाहीत."

पण बाकीचंच तर आहे सगळं.

माजी खेळाडूंच्या मानधनाला पुरावा लागतो
आणि पुरावा म्हणजे पत्र्याच्या डब्यातली ही वीतभर पट्टी,
घडीवर फाटलेली, हळदीसारखी पिवळी:
क्वालालंपूर, बदली खेळाडू, एस. बॅनर्जी.
वार्ताहराला नाव नीट ऐकू आलं नसेल.
किंवा आलं असेल, आणि वाटलं असेल
नागपूरहून कोण येतं फुटबॉलला?
डाव्या पायाचा, काटक, सावळा, म्हणजे बंगालीच.
शालिक तेव्हा पोट धरून हसला होता.
"माह्या बापाले सांगू नोको बे,
पेपरवाल्यानं बामन केलं मले."

बाप त्याचा छप्पनच्या ऑक्टोबरात
पोराला खांद्यावर घेऊन उभा होता त्या मैदानात.
त्याला खरंच सांगितलं नाही आम्ही.

लिही, की मोतीबागच्या मैदानावर गवत नव्हतं.
मुरूम होता, आणि मेमध्ये मुरमातून वाफ निघायची.
पडलं की मांडीचं सालटं जायचं,
रात्री झोपताना चादर चिकटायची.
लिही, की त्याच्या उजव्या बुटाचा तळ
पार्सल ऑफिसच्या सुतळीनं बांधलेला असायचा
आणि साहेबानं एकदा त्या सुतळीचा हिशोब मागितला होता.

मी गोलकीपर. तेरा वर्षं माझ्यासमोर त्याची पाठ.
खेळताना त्याचा चेहरा कसा दिसतो, मला माहीत नाही.
मला माहीत आहे मानेवरचा घाम,
तीन नंबर, एका बाजूला उसवलेला,
आणि समोरचा फॉरवर्ड उजवीकडे झुकायच्या आधीच
डावीकडे सरकलेला त्याचा खांदा.
कशावरून कळतं रे, मी विचारायचो.
"त्याच्या डोयात नाय पाहाचं. कमरेत पाहाचं.
कंबर खोटं बोलत नाय."

टायपिस्टनं विचारलं, तुम्ही होता का तिथे, त्या दिवशी?
नव्हतो.
अजनीच्या क्वार्टरमध्ये होतो, सोळा जणं एका रेडिओभोवती,
गंगाराम पॉइंट्समननं एरियलची तार
खिडकीच्या गजाला गुंडाळलेली.
खरखर. मग कोणीतरी मलयमध्ये ओरडलं.
मग पुन्हा खरखर.
त्यातच कुठंतरी तो मैदानात उतरला असणार.
आम्ही आपले अंदाजानं टाळ्या वाजवल्या.

हे लिहू नका, टायपिस्ट म्हणाला, केस कच्ची होते.

तर त्यानं टाइप केलं:
सदर सामन्यात ते अकरा मिनिटे खेळले,
हे मला व्यक्तिशः माहीत आहे.
मी सही केली. अंगठासुद्धा दिला, हौसेनं.

शालिक पलीकडच्या टपरीच्या बाकावर बसला होता,
तर्री वेगळी ठेवून कोरडे पोहे खात. डॉक्टरनं तिखट बंद केलंय.
चप्पल काढलेली. डाव्या तळव्याखाली एक गोल खडा,
पुढं, मागं, पुढं.
कागद डोळ्यांजवळ धरून त्यानं वाचला,
शाळेतल्यासारखं बोट ठेवून.

"अकरा नाय, बिसन. नऊ."
अकरा मिनिटं उरली असताना बोलावलं.
बॉल बाहेरच जाईना.
दोन मिनिटं मी रेषेवर उभा होतो.

मी म्हटलं, अरे, कोण मोजतं?
त्यानं खडा थांबवला.
"मी."

पुन्हा टाइप करायचे साठ रुपये झाले.
स्टँप पेपर वाया, तो वेगळा.